ग्राहक, गिऱ्हाईक आणि मक्तेदार : लीना खान यांच्या एका निबंधाची समीक्षा

'येल लॉ जर्नल' या अमेरिकन कायदेविषयक नियतकालिकाच्या जानेवारी २०१७ च्या अंकात 'ॲमेझॉन्स अँटिट्रस्ट पॅराडॉक्स' हा सुमारे शंभर पृष्ठांचा निबंध प्रसिद्ध झाला. लेखिका लीना खान त्या वेळी येल विद्यापीठात कायद्याच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांचा जन्म लंडनमध्ये, पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबात झाला आणि अकराव्या वर्षी त्या अमेरिकेत आल्या. त्यांच्या या निबंधाने मक्तेदारीविरोधी कायद्याच्या क्षेत्रात जी खळबळ उडवली, ती विद्यार्थिदशेतील लेखनाच्या वाट्याला क्वचितच येते. पुढे जून २०२१ मध्ये त्याच लेखिका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अध्यक्ष झाल्या आणि जानेवारी २०२५ पर्यंत त्या पदावर राहिल्या. ज्या कायद्याची चिकित्सा केली तोच कायदा राबविण्याची जबाबदारी चिकित्सकावर येऊन पडावी, असा योग विरळा. त्यामुळे या निबंधाचे मूल्यमापन करताना त्यातील युक्तिवाद कागदावर कसा उभा राहतो एवढेच पाहून भागत नाही. न्यायालयाच्या उंबरठ्यावर त्याचे काय झाले, हेही पाहावे लागते.

शब्दांचा प्रश्न

'अँटिट्रस्ट' या शब्दाचे मराठी भाषांतर करताना अनेकांची फसगत होते. येथे 'ट्रस्ट' म्हणजे विश्वास नव्हे आणि आपल्याकडच्या शिक्षणसंस्था चालवणारा धर्मादाय न्यासही नव्हे. १८८२ मध्ये रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलने अनेक कंपन्यांचे भाग मूठभर विश्वस्तांच्या हाती सोपवून तेलाचा सारा धंदा एका छत्राखाली आणला. त्या व्यवस्थेला 'ट्रस्ट' म्हणत. तिच्याविरुद्धचा लोकक्षोभ १८९० च्या शर्मन कायद्यामागे होता आणि १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने स्टँडर्ड ऑइलचे ३४ कंपन्यांत विभाजन झाले. म्हणून 'मक्तेदारीविरोधी कायदा' हाच त्यातल्या त्यात नेमका पर्याय होय.

परंतु 'मक्तेदारी' या शब्दाचाही एक इतिहास आहे. 'मक्ता' अरबीतून मराठीत आला. त्याच्या मुळाशी 'क़तअ', म्हणजे कापणे, तोडणे हा धातू आहे. गझलेचा शेवटचा शेर ज्याला 'मक़्ता' म्हणतात तोही याच धातूचा. मराठीत मक्ता म्हणजे सरकारने रक्कम ठरवून एखाद्याला तोडून दिलेला हक्क. उर्दूने याच अर्थासाठी 'इजारादारी' हा शब्द निवडला. इजारा म्हणजे ठराविक रकमेवर दिलेला कौल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने देण्याची जी प्रथा बोकाळली, तिच्यामुळे हा शब्द मराठी कागदपत्रांनाही परिचित आहे. या दोन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत आहे : मक्ता देणारा कोणीतरी असतो आणि देणारा तो काढूनही घेऊ शकतो. ॲमेझॉनला किंवा गूगलला मक्ता कोणीही दिला नाही. त्यांची सत्ता लोकांच्या सवयीतून, सोयीतून आणि स्वस्ताईतून उभी राहिली. ती कोणी दिलेली नसल्यामुळे काढून कोणी घ्यायची, हा प्रश्न अवघड होतो. खान यांच्या निबंधाचा खरा विषय हाच आहे.

बोर्क यांचा ग्राहक

निबंधाचे शीर्षक हे रॉबर्ट बोर्क यांच्या 'द अँटिट्रस्ट पॅराडॉक्स' (१९७८) या ग्रंथाला दिलेले उघड प्रत्युत्तर आहे. बोर्क हेही येलचेच, तेथील कायद्याचे प्राध्यापक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मक्तेदारीविरोधी कायदा छोट्या व्यापाऱ्यांना जगवण्याच्या नादात कार्यक्षम कंपन्यांना शिक्षा करतो आणि त्यामुळे ग्राहकाचेच नुकसान होते. कायद्याचे उद्दिष्ट एकच असावे : ग्राहककल्याण. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात बोर्क यांचा आधार घेतला आणि 'ग्राहककल्याण' हा शब्द न्यायव्यवहारात रूढ झाला.

हा शब्द मोठा चतुर आहे. ग्राहकाच्या कल्याणाला विरोध कोण करील? मात्र बोर्क यांच्या मांडणीत या 'कल्याणा'त कंपनीला मिळणारा जास्तीचा नफाही मिळवला जातो. एकूण संपत्ती वाढली म्हणजे झाले, ती कोणाच्या खिशात गेली याची फिकीर नाही. टीकाकारांनी हे अनेकदा दाखवून दिले आहे. व्यवहारात न्यायालयांनी त्याचा अर्थ आणखी सोपा करून घेतला : किंमत वाढली तर हानी, किंमत उतरली तर हित.

मराठीत 'ग्राहक' आणि 'गिऱ्हाईक' हे एकाच मुळाचे दोन शब्द आहेत, पण त्यांच्यात अंतर आहे. गिऱ्हाईक दुकानदाराच्या ओळखीचे असते. त्याचे वहीत खाते असते, उधारी असते, घासाघीस असते. कायद्यातला ग्राहक बिनचेहऱ्याचा असतो. उर्दूतील 'सारिफ़' तर याहून उघडा शब्द आहे. त्याचा अर्थच खर्च करणारा. बोर्क यांचा ग्राहक हा असा निव्वळ सारिफ़ आहे. तो विकत घेतो, पण विकत नाही, राबत नाही, मतही देत नाही. खान यांचा मुख्य आक्षेप नेमका येथे आहे. माणूस हा खरेदीदार असतो तसाच तो कामगार, विक्रेता, उद्योजक आणि नागरिकही असतो. बाजारातील सत्ता एकवटली की या सर्व नात्यांना ती स्पर्श करते. केवळ आजच्या किमतीकडे पाहणाऱ्या कायद्याला त्यातले बहुतेक काही दिसतच नाही.

लंगोटांचे दरयुद्ध

निबंधातील सर्वांत वाचनीय भाग क्विडसी या कंपनीच्या कथेचा आहे. ही कंपनी डायपर्स डॉट कॉम हे संकेतस्थळ चालवून लहान मुलांचे लंगोट व तत्सम वस्तू घरपोच देत असे. ॲमेझॉनने ती विकत घेण्याची इच्छा दाखवली, कंपनीने नकार दिला. त्यानंतर ॲमेझॉनने लंगोटांचे दर ३० टक्क्यांपर्यंत उतरवले. क्विडसीने दर बदलले की ॲमेझॉनचेही दर बदलत. तीन महिन्यांत केवळ लंगोटांवर १० कोटी डॉलरचा तोटा सोसण्याची ॲमेझॉनची तयारी असल्याचे क्विडसीच्या लोकांनी ताडले. अखेर नोव्हेंबर २०१० मध्ये क्विडसी सुमारे ५४.५ कोटी डॉलरना ॲमेझॉनच्या पदरात पडली. त्यानंतर मातांसाठी चालवलेली सवलत योजना आखडती घेण्यात आली. या खरेदीला फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली नाही. (निबंध प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच, २०१७ मध्ये, ॲमेझॉनने क्विडसी बंदच करून टाकली.)

प्रचलित कायद्यानुसार यात वावगे काय ठरले असते? १९९३ च्या ब्रूक ग्रुप खटल्यात, जो सिगारेटच्या धंद्यातला होता, सर्वोच्च न्यायालयाने दोन अटी घातल्या. किंमत उत्पादनखर्चाच्या खाली असली पाहिजे आणि झालेला तोटा पुढे भाव वाढवून वसूल करण्याचा संभव दिसला पाहिजे. बोर्क आणि त्यांच्या पंथाचे मत असे की, अशी वसुली जवळजवळ अशक्य असते, कारण भाव वाढताच नवे प्रतिस्पर्धी येतात. तेव्हा तोटा सोसून विकणे हा वेडेपणा, आणि व्यापारी वेडे नसतात.

खान यांचे उत्तर असे : वसुली त्याच वस्तूवर, त्याच गिऱ्हाइकाकडून आणि त्याच वर्षी व्हावी असे का मानायचे? लंगोटावर सोसलेला तोटा दुसऱ्या वस्तूवर भरून निघू शकतो. तो विक्रेत्यांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून निघू शकतो. दर घटकेला आणि दर माणसाला वेगळे असतील तर वाढ झाली हे सिद्ध तरी कसे करणार? शिवाय गुंतवणूकदार वर्षानुवर्षे नफ्याविना थांबायला तयार असतील, तर तोटा हा वेडेपणा न राहता धोरण ठरते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ॲमेझॉनला पूर्ण वर्षाचा पहिला नफा २००३ मध्ये झाला, तरी तिच्या भागधारकांचा धीर सुटला नाही.

दुसरा मुद्दा एकात्मीकरणाचा. ॲमेझॉन स्वतः माल विकते. ज्या बाजारात इतर विक्रेते माल विकतात तो बाजारही तिचाच. कोठारे, वाहतूक आणि संगणकसेवा तिच्याच. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला तिच्याशी झुंजायचे तर तिच्याच मंडईत गाळा घ्यावा लागतो आणि आपला कोणता माल किती खपतो हे मंडईच्या मालकाला रोज कळते. हा मुद्दा लंगोटांच्या कथेइतका चटकदार नाही, पण तोच पुढे अधिक टिकाऊ ठरला.

निबंधाचे बळ आणि त्याच्या उणिवा

लेखन म्हणून पाहिले तर या निबंधाचे बळ त्याच्या साधेपणात आहे. अर्थशास्त्रीय सूत्रांची गर्दी करण्याऐवजी लेखिका एका कंपनीचे वर्तन क्रमाने मांडते आणि प्रत्येक टप्प्यावर विचारते की, कायद्याला हे का दिसले नाही. स्टँडर्ड ऑइलचा इतिहास मासिकातून लिहून लोकांपुढे आणणाऱ्या इडा टार्बेल यांची ही परंपरा आहे. विरोधकांनी या विचाराला 'हिपस्टर अँटिट्रस्ट' असे कुत्सित नाव दिले. त्या नावात वयाची हेटाळणी आहे, युक्तिवादाचे उत्तर नाही.

तथापि उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली पुराव्याची. क्विडसीची कथा ब्रॅड स्टोन या पत्रकाराच्या २०१३ च्या पुस्तकावर आधारलेली आहे, न्यायालयात तपासलेल्या कागदपत्रांवर नव्हे. एका कथेवर एवढा भार टाकणे धोक्याचे होते. स्टँडर्ड ऑइलने खरोखर तोट्यात तेल विकून प्रतिस्पर्धी संपवले का, याविषयी जॉन मॅकगी यांनी १९५८ मध्येच गंभीर शंका घेतली होती आणि बोर्क यांचा पंथ त्याच शंकेवर पोसला गेला. दुसरी लोककथा तपासाविना उभी करणे म्हणजे दुसऱ्या मॅकगीला आमंत्रण होय. हे खरे की, २०२० मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने ॲमेझॉनचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड केला आणि दरयुद्ध हेतुपूर्वक चालवल्याच्या तर्काला त्यातून बळकटी मिळाली. त्या उपसमितीच्या कामात खान स्वतः होत्या. पण हे निबंधाचे श्रेय नव्हे. ते नंतरच्या तपासाचे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ग्राहक, कामगार, विक्रेता, नागरिक या सर्वांचे हित पाहावे हे मान्य. पण ही हिते एकमेकांवर आदळली तर? शेजारच्या दुकानदाराला वाचवण्यासाठी गरीब घरातल्या आईने लंगोटाला जास्त पैसे मोजावेत काय? बोर्क यांचे मोजमाप अपुरे असले तरी ते मोजमाप आहे. न्यायाधीशाला हाती धरता येते. खान यांनी ती पट्टी मोडली, पण नवी पट्टी दिली नाही. 'स्पर्धेची रचना' पाहावी असे त्या सांगतात. ती किती बिघडली म्हणजे कायद्याने हात घालावा, हे मात्र निबंधात सापडत नाही. उपायांची पाने निदानाच्या मानाने थोडी आहेत. जुना कडक कायदा पुन्हा लागू करा, किंवा रेल्वेसारख्या सार्वजनिक वाहकावर घालतात तशी समान वागणुकीची बंधने या कंपन्यांवर घाला, असे दोन मार्ग त्या दाखवतात आणि निवड वाचकावर सोपवतात.

बोर्क यांच्याबाबत मात्र निबंधाने थोडी अधिक थट्टा केली असती तरी चालले असते. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या प्रकरणात याच बोर्क यांनी नेटस्केपच्या बाजूने उभे राहून मायक्रोसॉफ्टवर कारवाई व्हावी असे प्रतिपादन केले. २०१२ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, गूगलच्या आर्थिक पाठबळावर त्यांनी सहलेखन करून गूगलवर कारवाई नको असे मांडले. तत्त्व एकच, अशील वेगळे.

न्यायालयाच्या दारात

२६ सप्टेंबर २०२३ रोजी खान यांच्या अध्यक्षतेखालील कमिशनने १७ राज्यांसह ॲमेझॉनविरुद्ध दावा दाखल केला. निबंध वाचलेल्या माणसाला त्या दाव्यात एक गोष्ट खटकते. तोट्यात विकण्याचा आरोप तेथे केंद्रस्थानी नाही. उलट तक्रार अशी की, एखादा विक्रेता अन्यत्र स्वस्तात विकताना आढळला तर ॲमेझॉन त्याचा माल मागे टाकते. विक्रेत्यांना ॲमेझॉनचीच कोठारसेवा घ्यायला भाग पाडते. शुल्क आणि जाहिराती मिळून अनेकांच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग खाऊन टाकते. आणि परिणामी सर्वत्र किमती वाढतात. म्हणजे ज्या लेखिकेने किमतीची पट्टी नाकारली, तिलाच दावा किमतीच्या भाषेत लिहावा लागला. ॲमेझॉनने आरोप नाकारले असून सुनावणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठेवण्यात आली आहे.

याला पराभव म्हणता येईल काय? घाईने म्हणू नये. शुल्कातून वसुली होईल, हे निबंधाचेच भाकीत होते. दाव्यात त्याचे चित्र आहे, फक्त भाषा बोर्क यांची आहे. कायद्याच्या जगात भाषा न्यायाधीशाकडे असते, वादीकडे नसते.

गूगलच्या खटल्यातही हेच दिसते. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला. ॲपलसारख्या कंपन्यांना केवळ आपली शोधसेवा आधीपासून बसवून मिळावी म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर दिले होते. शोध घेणाऱ्याला एक पैसाही पडत नाही, मग हानी कोणाची? न्यायालयाने उत्तर शोधले ते जाहिरातदारांमध्ये : मजकुरी जाहिरातींचे दर गूगल स्पर्धेची भीती न बाळगता वाढवू शकते. फुकट वस्तूच्या बाजारातही अखेर कोठेतरी किंमत शोधावी लागलीच. सप्टेंबर २०२५ च्या उपायविषयक निकालात क्रोम विकून टाकण्याची मागणी फेटाळली गेली. एकाधिकाराचे करार बंद झाले आणि काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचे बंधन आले. मेटाच्या खटल्यात तर नोव्हेंबर २०२५ मध्ये कमिशन हरले. २०१२ ची इन्स्टाग्राम आणि २०१४ ची व्हॉट्सॲप खरेदी कशीही असो, मेटाकडे आज मक्तेदारी आहे हे सिद्ध झाले नाही. मधल्या काळात टिकटॉक आले होते. कायदा खरेदीच्या वेळी झोपला आणि जागा झाला तेव्हा बाजार बदललेला होता. खान यांची रचनेविषयीची चिंता या पराभवातून जितकी स्पष्ट होते, तितकी ती एखाद्या विजयातून झाली नसती.

भारतीय कायद्याची अडचण वेगळी

हा निबंध भारतात वाचताना एक सावधगिरी हवी. आपल्या अभ्यासकांत अमेरिकन वाद जसाच्या तसा उचलण्याची सवय आहे. भारताच्या स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ मध्ये उत्पादनखर्चाच्या खाली, स्पर्धा कमी करण्याच्या किंवा प्रतिस्पर्ध्याला हटवण्याच्या हेतूने केलेली विक्री अशी भक्षक किमतीची व्याख्या आहे. तोटा पुढे वसूल होईल हे दाखवण्याची अट त्या शब्दांत नाही. म्हणजे खान अमेरिकेत ज्या भिंतीवर डोके आपटतात ती भिंत भारतीय कायद्याच्या मजकुरात बांधलेलीच नाही.

आपल्याकडची भिंत त्याआधी येते. कलम ४ लागू होण्यासाठी कंपनी आधी प्रभुत्वस्थानी असावी लागते. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने फुकट सेवा सुरू केली. एअरटेलची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१७ मध्ये फेटाळली, कारण जिओचा बाजारातील वाटा ७ टक्क्यांहून कमी होता. नवागताने स्वस्तात देणे ही स्पर्धाच होय, असा त्यामागचा विचार. तो अगदीच गैर नाही. पण खोल खिशाचा नवागत आणि पातळ खिशाचा नवागत यांत फरक करण्याची सोय त्यात उरली नाही. उबरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तो फरक ओळखला : दर फेरीमागे २०४ रुपये तोटा सोसण्यामागे प्रतिस्पर्ध्याला हटवण्याखेरीज दुसरा आर्थिक हेतू दिसत नाही, म्हणून चौकशी व्हावी. चौकशी झाली, आणि २०२१ मध्ये आयोगाने उबर प्रभुत्वस्थानी नाही असे सांगून प्रकरण बंद केले. समोर ओला होती ना! दोन श्रीमंत कंपन्या एकमेकींशी झुंजत असताना एकही प्रभुत्वस्थानी नसते, आणि जुन्या टॅक्सी कंपन्या मात्र दोघींच्या पायाखाली जातात.

जानेवारी २०२० मध्ये आयोगाने ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला तो दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या तक्रारीवर. मोठ्या सवलती, मर्जीतले विक्रेते आणि ठराविक मोबाइलची एकाच ठिकाणी विक्री, हे तक्रारीचे विषय होते. यात कलम ४ पेक्षा कलम ३ चा, म्हणजे करारांचा, आधार घेण्यात आला; प्रभुत्वाची भिंत टाळण्याचा तो मार्ग होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली, जून २०२१ मध्ये कंपन्यांच्या याचिका फेटाळल्या आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चौकशी थांबवण्यास नकार दिला. चौकशी व्हावी की नाही एवढे ठरण्यातच दीड वर्ष गेले.

प्रभुत्व सिद्ध होते तेव्हा आयोग कचरत नाही, हेही नोंदवले पाहिजे. अँड्रॉइड प्रकरणात २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड झाला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला, पण वर्तन बदलण्याविषयीचे चार निर्देश रद्द केले. दंड राहिला आणि रचनेला हात घालणारा भाग गळाला. खान यांनी निबंधात रचनेवर दिलेला भर इथे उपयोगी पडतो. त्यांची भक्षक किमतीची मीमांसा तितकीशी नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा पुढे आणला. ठराविक आकाराच्या कंपन्यांवर गैरवर्तन घडण्याआधीच बंधने घालण्याची कल्पना त्यात आहे आणि ती युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल मार्केट्स कायद्याशी जुळणारी आहे. निबंधातील दुसऱ्या मार्गाशी, सार्वजनिक वाहकाच्या कल्पनेशी, तिचे नाते उघड आहे. खान यांनी ज्या पानांवर सर्वांत कमी शाई खर्च केली, भारतीय वाचकाला सर्वांत जास्त वेळ थांबावे लागते ते त्याच पानांवर.